पाण्याचा वेग

बादली वीस लिटरची.
मुलींचं वसतिगृह, चौथा मजला,
पहाटेचे पाच चाळीस.
मोबाईलवर स्टॉपवॉच लावून
मी नळासमोर उकिडवी,
आणि दारात टॉवेल खांद्यावर टाकून अस्मा मुजावर:
"काय गं हेरवाडे, पाण्याची पत्रिका मांडतीयस व्हय?"

चौदा मिनिटं बावीस सेकंद.
तळमजल्यावर हीच बादली दोन मिनिटांत.
फ्लुइड मेकॅनिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर
सात दिवस लिहीत गेले मी
वार, वेळ, मजला, वेग.
याला राजकारण म्हणतात
हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

रेक्टरबाई म्हणाल्या, अर्ज द्या.
दिला.
म्हणाल्या, प्रतिनिधीच्या सहीनं द्या.
प्रतिनिधीची जागा दोन वर्षं रिकामी.
मग अस्मानंच माझं नाव लिहून टाकलं
आमटीचा डाग पडलेल्या मेसच्या चिठ्ठीवर,
मला न विचारता.

उद्यमनगरात रविवारी पप्पांना सांगितलं.
त्यांनी लेथ बंद केला नाही.
दुधाळ कूलंट जॉबवरून ओघळत राहिलं,
निळ्या वळ्यांचा बुरादा चपलेपाशी.
"निवडणूक ऱ्हाऊ दे. मॅथ्स-थ्री कधी काढतीयस?"
राहिला होता तो विषय, खरंच.
पुढं प्रचारात तेच आधी सांगायची मी,
दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

विद्यापीठाच्या परिषदेपर्यंत गोष्ट गेली
तेव्हा सायबर चौकात ऋतुराज इंगवलेचा फ्लेक्स लागला.
गॉगल, मागं वाघ,
खाली शुभेच्छुकांचे चौतीस पासपोर्ट फोटो.
त्यातले सहा आमच्याच वर्गातले,
दोघांना आपण शुभेच्छुक आहोत
हे फ्लेक्स बघून कळलं.
माझ्याकडं एक कागद, झेरॉक्स दीड रुपयाची.
आडवे मजले, उभी मिनिटं,
वर चढत गेलेली एक रेघ.

तो घेऊन फिरले.
फार्मसी, लॉ, बी.एड.,
एसटीनं थेट गडहिंग्लजपर्यंत.
तिथं शेवटच्या बाकावरची एक पोरगी उठली,
सुरेखा नाईक नाव तिचं,
म्हणाली, "आमच्या होस्टेलला नळच नाही, ताई.
आमची रेघ कुठं काढायची?"

वर्ग हसला. मीही हसले जराशी,
आणि मग हसता येईना.
वेग म्हणजे आकारमान भागिले वेळ,
आणि जे येतच नाही त्याला किती वेळ लागतो?
शून्य मांडू की अनंत?
परतताना खिडकीशी बसून
मी तो प्रश्न वहीत उतरवला.
उत्तरासाठी जागा सोडली, अर्धं पान.

मतदार सदतीस.
मला एकोणीस, त्याला अठरा.
गुलाल अस्माच्या भुवयांत आठवडाभर राहिला.
ऋतुराज येऊन हात मिळवून गेला, नीट, डोळ्यांत बघून.
फ्लेक्सवर तसा दिसत नव्हता तो.
पप्पांनी बेअरिंग हातात दिलं, म्हणाले, फिरव.
फिरलं.
"आत केसाएवढी फट सोडलीया म्हणून फिरतंय.
लई घट्ट बसवू नको कुणाला."

पहिली बैठक.
खुर्चीचा एक पाय आखूड,
चहावर साय धरलेली.
विषय क्रमांक नऊ, पाणी.
"तत्त्वतः मान्य," असं इतिवृत्तात लिहिलं गेलं
आणि मी खाली सही केली.
पहिल्यांदाच कळलं, सहीला किती कमी वेळ लागतो.

रात्री फोन वाजला.
"ताई, अभिनंदनाला नाही केला.
ते अर्धं पान भरलं का, विचारायला केला."

आता चौथ्या मजल्यावर बादली तीन मिनिटांत भरते.
गडहिंग्लजचा पंप टेंडरमध्ये आहे.
मॅथ्स-थ्री निघाला, बेचाळीस मार्कांनी.
वहीतलं पान अजून अर्धंच,
आणि दर सोमवारी, साडेनऊला,
सुरेखा नाईकचा फोन.